मागच्या गेटची किल्ली : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
चेअरमन साहेब, सेक्रेटरी ताई, खजिनदार काका आणि कमिटीतली बाकी मंडळी,

नमस्कार. रविवारी स्पेशल मीटिंग आहे, तिथे मला बोलायला मिळणार तीन मिनिटं, त्यातली दोन माइक चालू आहे का बघण्यात जाणार, म्हणून सरळ लिहून काढतेय. सोसायटीचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराला पाठ टेकून जेवढे टॉवर उभे आहेत त्यातल्या कोणालाही हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे, मानपाड्यापासून गायमुखापर्यंत गोष्ट थोड्याफार फरकाने तीच आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ही बाई प्राणीप्रेमी, हिला काय कळतंय. मी प्राणीप्रेमी वगैरे अजिबात नाही, मला पालीची भीती वाटते. ती अकरा सेकंदांची सीसीटीव्ही क्लिप आली ना, पहाटे तीन वाजून बारा मिनिटं, एसटीपीच्या, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीच्या, मागच्या भिंतीवरून बिबट्या चालत येतो, उंबराखाली थांबतो, मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघतो आणि पलीकडे उडी टाकतो, ती मी पण चार ग्रुपवर ढकलली, माहेरच्या ग्रुपवर तर 'बघा आमच्याकडे कोण आलंय' असं मिरवत. नंतर तीन रात्री झोप नव्हती. मुलगा आठ वर्षांचा आहे, संध्याकाळी खाली सायकल फिरवतो, वरून हाक मारली आणि 'ओ' आली नाही की अजूनही पोटात गोळा येतो. २०२२ च्या ऐन दिवाळीत मुंबईच्या आरे कॉलनीमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात जेमतेम दीड वर्षाची पोर गेली, ते मी विसरलेले नाही. त्यामुळे तुमच्या भीतीची मी टिंगल करत नाहीये, प्लीज तसं वाचू नका.

नोटीसमध्ये तीन विषय आहेत. एक, वन खात्याला पत्र देऊन पिंजरा लावून घेणे. दोन, मागच्या भिंतीवर काटेरी तार आणि जंगलाच्या बाजूला चार फ्लडलाइट. तीन, उंबर तोडणे व 'त्याखालील दगड योग्य ठिकाणी स्थलांतरित करणे'. तिसऱ्या विषयाला पूर्ण ओळसुद्धा मिळालेली नाही आणि माझं खरं म्हणणं त्याच्याबद्दलच आहे, पण पिंजऱ्याचं आधी उरकून घेते, कारण ग्रुपवर त्याचीच घाई चाललीय.

बिबट्या दिसला म्हणून पकडता येत नाही हो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटली तरच परवानगी निघते, आणि भिंतीवरून चालत गेला हा काही गुन्हा नाही, त्या भिंतीवरून आपल्या सोसायटीची पोरंसुद्धा चालतात. २०१९ च्या फेब्रुवारीत तो ठाण्यात मॉलमध्ये शिरला आणि शेवटी हॉटेलच्या तळघरात सापडला, तेव्हा भूल देऊन पकडण्याशिवाय इलाज नव्हता, ती वेगळी वेळ. आपल्याकडे तो आला आणि आपल्या पायांनी गेला. बरं, पकडून सोडायचा कुठे? जुन्नरकडे २००१ नंतर हा प्रयोग झाला होता, उसातले बिबटे पकडायचे आणि लांब कुठल्यातरी जंगलात नेऊन सोडायचे, तर जिथे सोडले तिकडे माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण अनोळखी जागेत आणून टाकलेलं बावरलेलं जनावर काय करणार? आपल्या डोंगरापलीकडे बोरिवलीपर्यंत पसरलेल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या कडेनेही सगळ्यात वाईट दिवस २००२ ते २००४ चेच होते, पकडून आणून सोडण्याच्या धंद्याचेच. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, ते कोणीही वाचू शकतं.

त्यांनीच २००९ मध्ये एका बिबट्याला माग काढायची कॉलर लावली होती. नगरकडे विहिरीत पडलेला, त्याला माळशेज घाटात सोडला, तर हा पठ्ठ्या हायवे, कसाऱ्याची रेल्वे लाइन, खाडी सगळं ओलांडत १२० किलोमीटरच्या वर चालून आपल्या या नॅशनल पार्कात येऊन पोचला, वाटेत कोणालाही काहीही न करता. नाव काय ठेवलं होतं माहितीये, आजोबा. २०११ च्या शेवटी हायवेवर गाडीखाली आला बिचारा. म्हणजे आपण उद्या याला उचलून कुठेतरी सोडला तरी एकतर तो परत येणार, नाहीतर त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा कोणी तरणाबांड येणार. २०१५ मध्ये इथे ३५ मोजले होते, २०१८ मध्ये ४७, आणि पार्क अख्खा साधारण १०४ चौरस किलोमीटरचा. एकेका बिबट्याच्या वाट्याला येते किती जागा ते तुम्हीच काढा, आपल्यात सीए तीन आहेत.

संपलं पिंजऱ्याचं. आता दगड.

कमिटीतल्या किती जणांनी तो जवळून बघितलाय? मी पण नव्हता बघितला, सात वर्षं राहून. जनरेटरच्या मागे, एसटीपीच्या टाकीच्या पलीकडे कोणी कशाला जाईल, वास येतो. क्लिप आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी भर उन्हात हातात छत्री घेऊन गेले (छत्री कशाला ते विचारू नका, वाटलं काहीतरी हातात असावं). उंबराच्या मुळांत अर्धा रुतलेला, गुडघ्याएवढा दगड. त्याच्यावर हाउसकीपिंगचं पोछ्याचं फडकं वाळत घातलेलं होतं. ते काढलं तर खाली शेंदराची पुटं, इतकी जाड की कडेला पापुद्रे सुटलेत आणि आतला जुना थर विटकरी झालाय. वरती एका बाजूला गोल, एका बाजूला कोर, म्हणजे सूर्य-चंद्र. खाली एक जनावर, शेपूट पाठीवरून कमानीसारखी वळवून पार डोक्यापर्यंत आणलेली. अंगावर खड्डे खड्डे, बोट फिरवलं की लागतात. समोर अर्धी करवंटी, आत पावसाचं पाणी आणि त्यात पडलेली दोन उंबरं. पिकलेलं उंबर पाण्यात उकललं होतं.

बिल्डरने आणून ठेवलेली ही शोपीस नाही. टॉवरच्या आधी इथे भाताची खाचरं होती, त्याच्याही आधीपासून तो आहे, प्लॅनमध्ये ती जागा ओपन स्पेसमध्ये गेली म्हणून वाचला एवढंच. तो वाघोबा आहे. येऊरच्या पाड्यांवरच्या वारल्यांचा देव. एक वाघोबा नसतो, गावोगाव असतात, २०२१ मध्ये एक अभ्यास छापून आला त्यात मुंबई उपनगर, ठाणे, पालघर मिळून वाघोबाची दीडशेच्या वर ठाणी, म्हणजे पूजेच्या जागा, नोंदवलीत. आणि आपल्या इथूनच थोडं पुढे वाघबीळ आहे ना, रोज बसवर बोर्ड वाचतो आपण, त्या नावात काय आहे याचा कधी विचार नाही केला मी, तुम्ही केलाय?

हे सगळं मला कोणी सांगितलं, तर शेवळंवाल्या मावशींनी. आम्ही सीकेपी, पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे घरात शेवळांचं वेड असतं, जांभळी नाक्याच्या बाजारात पहाटे जाऊन मिळवायची. शेवळं म्हणजे सुरणाच्या नात्यातली, जमिनीतून वर येणारी कोंबासारखी फुलं, नीट साफ केली नाहीत तर घसा असा खवखवतो की भाजी कोणी केली त्याचा उद्धार होतो, म्हणून सोबत काकडं घ्यावी लागतात, ती आंबट बारकी फळं, ती घातली की खाज मरते. मावशी येऊरच्या पाड्यावरून येतात, गोणपाटावर वाटे लावून बसतात, शेवळांचा एक वाटा आणि त्याच्या डोक्यावर चार काकडं. म्हणजे जिथे खाज तिथेच तिचं औषध, रानातूनच आणलेलं, जोडीने. पहिली रानभाजी आधी देवाला दाखवल्याशिवाय घरात शिजत नाही त्यांच्यात, आणि एका जागची सगळी शेवळं उपटत नाहीत, मी एकदा म्हटलं मावशी अजून आणा ना, तर म्हणाल्या अजून तिथे आहेत पण ती आमची नायत.

क्लिप आल्यावर मी गेले आणि मोबाइल त्यांच्या पुढे धरला. मला वाटलं घाबरतील. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, म्हणाल्या, 'वाघ.' (ते बिबट्याला वाघच म्हणतात.) 'बरा दिसतो अंगाने.' मी म्हटलं अहो आमच्या बिल्डिंगमध्ये आला होता, भीती वाटते. त्यावर त्या जे बोलल्या ते मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. 'भ्या तं आमाला पण वाटतं. त्याला त्याचा वाटा दिला का तो आपल्या वाट्याला जात नाय.'

मग त्यांनी गोष्ट सांगितली, गिऱ्हाईक येत होतं त्याच्या मधे मधे. एका बाईला पोर झालं, लग्नाविना, त्यामुळे गाव नाक मुरडायचं. ते पोर वाघाचं रूप घ्यायचं. पुढे गावाची गुरं जायला लागली, गाव त्याला मारायला उठलं, तेव्हा आई मधे पडली. म्हणाली, मी याला रानात पाठवते, पण तो तुमच्यातलाच आहे, वर्षातून एकदा त्याला जेवू घाला, त्याचं ठाणं करा, मग तो तुमच्या गुरापोरांना राखेल. गाव 'हो' म्हणालं. तेव्हापासून वाघबारशीला नारळ, कोंबडा, थोडी ताडी. इतकीच गोष्ट. पाड्यागणिक थोडी वेगळी सांगतात म्हणे. पण मला त्यातलं काय लागलं सांगू, त्या गोष्टीत कोणी कोणावर प्रेम करत नाही. आई सोडली तर. ती चक्क मीटिंग आहे आणि त्यात ठराव झालाय. आपण रविवारी घेणार आहोत तशीच, विषयही तोच.

आता जरा स्पष्ट बोलते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच योगा ग्रुपबरोबर मी येऊरला 'निसर्गाशी एकरूप व्हा' कॅम्पला गेले होते. जपानमध्ये १९८२ पासून जंगलात जाऊन बसण्याला एक नाव दिलंय, शिनरिन-योकू, सरकारनेच काढलेलं, त्याची आपल्याकडची आवृत्ती. डोळे मिटून बसलो, श्वास घ्या, झाडाची ऊर्जा आत येतेय, पृथ्वीमाता वगैरे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन दिवस डोकं शांत होतं. पण बाजूच्या बंगल्यात स्पीकर लागलेला, पार्किंगमध्ये आमच्या बावीस गाड्या, आणि नाश्त्याच्या थर्माकोलच्या प्लेट आम्ही कुठे टाकल्या ते मला आठवतसुद्धा नाही. जंगलाकडून आम्ही भरपूर घेऊन आलो, शांती, ऑक्सिजन, फोटो. दिलं काय? आणि कोणी मागितलंही नाही, हीच तर गंमत आहे, आपल्याला असं अध्यात्म आवडतं ज्यात समोरून बिल येत नाही.

मावशींना विचारा निसर्गाशी कनेक्शन वाटतं का, त्या हसतील. त्या दिवस कलला की ओहोळाकडे जात नाहीत. एकट्या जात नाहीत, काठी आपटत, बोलत, गाणं म्हणत जातात, म्हणजे तो असेल तर त्याला कळावं आणि बाजूला व्हावं. पोरांना दारापाठी एकटं बसू देत नाहीत. हे सगळं त्यांच्या दृष्टीने भक्तीतच येतं, वेगळं काही नाही. आणि वन खातं सुद्धा अगदी हेच सांगतं की, फक्त पत्रकावर छापून, अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, आवाज करत चाला, कचरा उघडा ठेवू नका. माझ्या आजीच्या तोंडीही हेच होतं. आमच्या पेणकडच्या गावी वेशीवर राखणदार होता, त्याला वर्षाची राखण द्यायची, नारळ आणि कोंबडा, आणि तिन्हीसांजेनंतर वेशीबाहेर जायचं नाही. लहानपणी मी विचारलं होतं तो काय करतो राखणदार, तर आजी म्हणाली, आपल्याला आवरतो. मला तेव्हा वाटलं आजी चुकून बोलली, 'सांभाळतो' म्हणायचं असेल.

म्हणून तुम्ही म्हणता ना, दगड गेटजवळच्या गणपतीशेजारी बसवू, संगमरवरी कट्टा करू, रोज आरती होईल, तुमचा हेतू चांगलाच आहे, पण तो लॉबीतला देवच नाही हो. तो वेशीवरचा आहे. त्याची वाट आणि आपली वाट जिथे एकमेकींना लागतात तिथे तो बसतो आणि म्हणून त्याला अर्थ आहे. त्याला मेन गेटला आणणं म्हणजे सिग्नलचा खांब उपटून घरात आणून त्याला हार घालण्यासारखं आहे. आणि मुख्य म्हणजे तो आपला एकट्यांचा नाही. ज्यांचा आहे त्यांना कोणी विचारलंय?

मागच्या वर्षीची वसुबारस आठवा. मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तुमच्यातले बरेच जण पुढच्या गेटला होते आणि मी दोन्हीकडे होते. कल्चरल कमिटीने टेम्पोतून गाय-वासरू मागवलं होतं. रांगोळी, नऊवारी, फोटोग्राफर, सगळं छान. गाय बिचारी लॉबीच्या ग्लॉसी टाइल्सवर घसरत होती, मागचे पाय फाकत होते तिचे, कोणीतरी योगा मॅट आणून खाली टाकली, मग ती मॅटवर उभी राहिली आणि ओळीने चाळीस बायकांनी ओवाळलं. मीही ओवाळलं, वासराच्या कपाळाला कुंकू लावताना त्याने माझा हात चाटला, खरखरीत, अंगावर काटा आला होता माझ्या. तितक्यात खालून ड्रायव्हरचा फोन आला की मागच्या गेटला गाडी काढता येत नाहीये, माणसं उभी आहेत. गेले तर पाच-सहा जण होते पाड्यावरचे. एक म्हातारे बाबा, डोक्याला फडकं, हातात पिशवी, पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर. दोन बाया, एक शाळेतला मुलगा. आणि आपला नवीन सिक्युरिटी त्यांना सांगतोय, ॲपवर एंट्री नाही, फ्लॅट नंबर सांगा, कोणाकडे जायचंय?

बाबा म्हणाले, देवाकडे. सिक्युरिटी म्हणाला, मंदिर पुढच्या गेटला आहे.

तासभर उभे होते ते. जुने वॉचमन होते तोपर्यंत दर वर्षी गुपचूप किल्ली काढून द्यायचे म्हणे, अर्ध्या तासात पूजा करून ही मंडळी निघून जायची, आपल्याला कधी कळलंही नाही. मी सेक्रेटरी ताईंना फोन लावला, त्या गाईच्या इथे होत्या, आवाजात ऐकू आलं नसेल, मी दोष देत नाही. शेवटी बाबांनी गेटच्या बाहेरूनच, उंबराच्या दिशेला तोंड करून, रस्त्याच्या कडेला नारळ फोडला. कोंबडा परत नेला. जाताना त्या शाळेतल्या मुलाने आत वाकून बघितलं, एवढंच. मी काय केलं? मी मोबाइल हातात धरून उभी होते. ही माझी तक्रार माझ्याबद्दलही आहे.

आणि मला तेव्हा कळलंच नव्हतं की दोन्ही एकाच तिथीला का. अश्विन वद्य द्वादशी, आपली वसुबारस तीच त्यांची वाघबारस. नंतर डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्या गोठ्यात खरंच गुरं आहेत तो गाईला ओवाळून थांबू शकत नाही, तिला जो खाऊ शकतो त्याच्याशीही त्याला बोलून ठेवावं लागतं. एकाच खात्याची जमा आणि नावे. आपण शहरात आलो आणि जमेची बाजू तेवढी उचलून आणली, गाय गोड, वासरू गोड, नावेचं पान मागच्या गेटबाहेर राहिलं.

उंबराबद्दल थोडंसं. ग्रुपवर गंमत बघा, कट्टा बांधायचा होता तेव्हा सगळे 'औदुंबर' म्हणत होते, दत्ताचं झाड, गुरुवारी दिवा लावू, आणि आता तोडायचंय तर तेच झाड 'उंबर' झालं, कचरा पाडतं, वटवाघळं येतात, बिबट्या चढतो. आपल्यातल्या किती घरांत लग्नाला देवक बसवलं त्यात उंबराची डहाळी होती? काही कुळांचं तर देवकच उंबर, त्यांनी त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नसते, घरी आईला विचारून बघा, आपल्या कमिटीत एक तरी निघेल. कायद्याने म्हणाल तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येणार नाही, आणि परवानगीच्या अर्जात कारण काय लिहिणार, बिबट्या याच्याखाली अकरा सेकंद उभा राहिला?

आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात. लहानपणी मला वाटायचं उंबराला फूल येतच नाही. येतं, शेकड्याने येतात, पण फळाच्या आत, बारीक माशीसारखे किडे आत शिरून त्यांचं परागीभवन करतात, बाहेरून काही दिसत नाही. हा बिबट्या तसाच आहे. आला परवा नाही, दिसला परवा. ए विंगला लोक राहायला यायच्या आधीपासून त्याची त्याच्या आज्यापणज्यांसकट त्या भिंतीच्या जागेवरून जा-ये चालू असणार, तेव्हा भिंत नव्हती आणि कॅमेरा नव्हता इतकंच. आणि जंगल दिसतं म्हणून आपण ज्यादा पैसे मोजले होते, आठवतंय ना, त्या ब्रोशरवर जंगल होतं, जंगलात कोण असतं ते नव्हतं.

त्याला इथे आणतं कोण ते मात्र बघण्यासारखं आहे. मागच्या गेटबाहेर कचऱ्याचे डबे रात्रभर उघडे असतात, वर हॉलमधल्या पार्टीचं चिकन, त्यावर कुत्री, आणि कुत्र्यांवर तो. नॅशनल पार्कभोवतीचे बिबटे वर्षाला साधारण १५०० भटकी कुत्री खात असावेत असा एक अंदाज २०१८ मध्ये छापून आला होता, त्यामुळे कुत्रं चावण्याचे आणि रेबीजचे किती प्रकार टळत असतील याचा हिशोबही त्यात होता. म्हणजे उलट तो आपलं एक काम फुकटात करतोय, महापालिकेला बिल न पाठवता. पण आपण डबे उघडे ठेवून त्याला रोज पान वाढणार आणि तो आला की पिंजरा मागणार, हे बरोबर नाही. आणि फ्लडलाइटने काय होणार, तो जाणार दुसऱ्या वाटेने, म्हणजे शेजारच्या सोसायटीच्या प्ले एरियातून, आणि ते लोकही उद्या आपल्यासारखीच नोटीस काढणार. आता तर डोंगराच्या पोटातून बोरिवलीला बोगदा निघतोय, वरून मेट्रो येतेय, त्याच्या वाटा अजून किती आवळायच्या कोणास ठाऊक. बोगदा मला पण हवाय, खोटं नाही बोलत, नवऱ्याचं ऑफिस बोरिवलीला आहे.

तर रविवारच्या मीटिंगसाठी माझं म्हणणं असं. पिंजऱ्याचं पत्र देऊ नका, त्याऐवजी वन खात्याच्या माणसाला बोलवा, पोरांना आणि वॉचमन लोकांना दोन गोष्टी समजावून सांगतील, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर लिफ्टमध्ये लावा, सध्या तिथे चिमणी कंपनीची जाहिरात आहे ती काढून. डबे रात्री आत घ्या आणि झाकणं लावा, हाउसकीपिंगला जास्तीचे पैसे द्यावे लागले तर द्या, मी माझ्या वाट्याचे आधी देते. मुलं सातच्या आत वर, मागच्या बाजूला कोणीच एकटं नको, आणि हो, याला माझ्या मुलाचा सगळ्यात जास्त विरोध असणार आहे. फ्लडलाइट नको, गेटपाशी खाली तोंड केलेला साधा दिवा पुरेल. उंबर राहू दे. दगड राहू दे. त्याच्यावर पोछा वाळत घालू नये एवढं हाउसकीपिंगला सांगा, ओरडून नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

वाघोबाची पूजा आपण सुरू करू असं मी म्हणत नाहीये, प्लीज कल्चरल कमिटीने हे मनावर घेऊ नये, पुढच्या वर्षी फोटोग्राफर घेऊन तिथे जायचं तर मीच आधी विरोध करेन. ती त्यांची पूजा आहे, त्यांचा शब्द आहे, त्यांनी दिलेला. आपण त्या शब्दाच्या पलीकडच्या बाजूला फुकटात राहतोय, सात वर्षं, बहुतेक म्हणूनच शांतपणे. ज्यांना कोंबड्याचं वाईट वाटतं (ग्रुपवर हे येणारच) त्यांनी हॉलमधल्या पार्टीचं बिल एकदा काढून बघावं.

वाघबारस पंधरा दिवसांवर आलीय. मी मागच्या आठवड्यात मावशींना विचारलं, बाबा येणार आहेत का, तर म्हणाल्या, ते येतीलच, त्यांना यावंच लागतं, तुम्ही उघडा का नका उघडू. मागच्या वर्षीचं देणं राहिलंय म्हणून यंदा दोन कोंबडे आणणार आहेत.

तेव्हा बाकी ठराव काय व्हायचा तो होऊ दे, त्या दिवशी मागच्या गेटची किल्ली कोणाकडे असेल तेवढं फक्त मला कळवा. गेट उघडायला मी स्वतः थांबते, ॲपवर एंट्री हवी असेल तर माझ्या फ्लॅटच्या नावाने टाका, कोणाकडे जायचंय या रकान्यात काय लिहायचं ते सिक्युरिटीला मी सांगेन.

आपली,
सी विंग, सातवा मजला, जंगलाकडची बाजू